कॉम्प्युटरचं लक्ष्मीपूजन

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कॉम्प्युटरला कुंकू लावू नये, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर माझ्या आयुष्यातला एक आख्खा मार्च महिना सुखाचा गेला असता. म्हणून आता निवृत्तीत मीच ते लिहून ठेवतो. कुंकू लावा, हवं तर नारळही फोडा. पण आधी वायर काढून ठेवा.

गोष्ट नव्वदनंतरची. जळगावात एका कापड दुकानाच्या माडीवर माझी खोली होती. खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक पंखा, आणि दाराबाहेर चपला. चपला काढायला मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक आपणहून काढायचे. काही जण आत येऊन मशीनला नमस्कारही करायचे. मी अडवत नसे. धंद्याला श्रद्धा लागते.

माझा धंदा म्हणजे छोटे कारखाने, मिल, दुकानं यांची पगारपत्रकं करून देणं. महिनाअखेरीला हजेरीची कार्डं पिशवीतून यायची. मी ती मशीनमध्ये भरायचो, प्रिंटर दिवसभर करकरायचा आणि प्रत्येकाच्या पगाराची चिठ्ठी बाहेर पडायची. प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. बी.कॉम. झाल्यावर पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स केला होता, त्या भांडवलावर. तेवढ्या ज्ञानावर माणूस सायकलसुद्धा दुरुस्तीला घेत नाही. मी तीनशे माणसांचे पगार घेतले होते.

लहानसहान पराक्रम तर नेहमीचेच. एकदा एका वॉचमनच्या पगाराच्या रकान्यात त्याची जन्मतारीख छापली गेली, आणि तो तेवढे रुपये मागत खिडकीशी तासभर उभा राहिला. पारोळ्याचे एक कापसाचे व्यापारी दर महिन्याला चिठ्ठ्या हातात घेऊन हळूच म्हणायचे, "मशीनला पुन्हा एकदा सांगून बघा ना, थोडा कमी निघतो का पगार." या गोष्टी मी पुढे लग्नकार्यात सांगून लोकांना हसवल्या. आता जी सांगतो आहे, ती मात्र कित्येक वर्षं घरात बायकोलाही सांगितली नव्हती.

त्यासाठी पगारातून आयकर कसा कापतात ते थोडं सांगावं लागेल. कर असतो वर्षाचा, एप्रिल ते मार्च. पण वर्षाच्या शेवटी एकदम मागितला तर कोण देईल? म्हणून मालकानं तो दर महिन्याच्या पगारातून थोडा थोडा कापायचा आणि सरकारात भरायचा. नाही कापला तर जबाबदार मालक. माझा प्रोग्राम एप्रिलपासून माणसाला किती मिळालं ते बघायचा, मार्चपर्यंत आणखी किती मिळेल ते त्यात मिळवायचा, त्या सगळ्यावर वर्षाचा कर काढायचा, आणि जो कापायचा राहिला असेल तो उरलेल्या महिन्यांवर वाटून टाकायचा. सगळी भिस्त एका गोष्टीवर: एप्रिलपासूनची बेरीज मशीनच्या लक्षात राहिली पाहिजे.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं नानाशेठ. प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना. साठीचे, मितभाषी, तोंडात कायम सुपारी. त्यांच्या वडिलांपासून हिशेब दिवाळी ते दिवाळी चालायचा. सरकारनं तो मोडून सगळ्यांना एप्रिल ते मार्च लावून दिला होता. नानाशेठनी कागदावर ते मान्य केलं, मनातून नाही. त्यांच्या लेखी वर्ष सुरू व्हायचं लक्ष्मीपूजनालाच.

त्या दिवाळीला ते पूजेचं ताट घेऊन थेट माझ्या माडीवर आले. मागे त्यांचे दिवाणजी, आणि दिवाणजींच्या मागे नारळ घेऊन फोरमन पंडितभाऊ. पंडितभाऊ जळगावजवळच्या असोद्याचा. दाराच्या चौकटीत उभा राहिला की खोलीत अंधार पडायचा, असा गडी.

"आमची पगाराची वही तुझ्या मशीनमध्ये," नाना म्हणाले. "म्हणजे लक्ष्मी इथं बसली. पूजा इथंच व्हायची."

पूजा झाली. मशीनला कुंकू, प्रिंटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर अक्षता. त्यातला एक तांदूळ दोन बटनांच्या मध्ये गेला, तो ते मशीन भंगारात जाईपर्यंत निघाला नाही. मग नानांनी घड्याळ बघितलं.

"मुहूर्त आहे. नवीन खातं उघड."

"नाना, ते एप्रिलमध्ये उघडतात."

"ते सरकारचं. आमचं आज उघड. शास्त्रापुरतं."

माझ्या प्रोग्राममध्ये 'नवीन वर्ष' असा एक पर्याय होता. वर्षातून एकदा, एक एप्रिलला वापरायचा. मला वाटलं, कागदाच्या डोक्यावरचं वर्ष तेवढं बदलेल, ते नंतर पुसून टाकू. प्रोग्राम मीच लिहिलेला, पण त्यात काय काय लिहिलंय ते सगळं आठवत नव्हतं. लग्नाआधी बायकोला दिलेल्या वचनांसारखं. मशीननं विचारलं, खात्री आहे का? मी 'हो'चं बटन दाबलं. नानांनी मशीनवर अक्षता टाकल्या आणि माझ्या हातात पाकीट ठेवलं.

त्या एका बटनानं कारखान्यातल्या सगळ्यांची एप्रिलपासूनची बेरीज पुसली गेली. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते मार्चमध्ये, धुळ्याला.

नोव्हेंबरच्या पगारात नानाशेठच्या कारखान्यात कुणाचाच आयकर कापला गेला नाही. मशीनच्या हिशेबानं ही माणसं दिवाळीनंतर कामाला लागली होती. मार्चपर्यंत त्यांना मिळून मिळून मिळणार किती? पाच महिन्यांचा पगार. तेवढ्यावर कर बसतच नाही. म्हणून शून्य.

त्या वर्षी सरकारनं करमाफीची मर्यादा थोडी वाढवली होती. लोकांना वाटलं, तिचाच हा प्रताप. दिवाणजी खूश, कारण त्यांची कर भरायला बँकेत जाऊन रांगेत उभं राहण्याची कटकट गेली. आणि एके दिवशी पंडितभाऊ पेढे घेऊन माडी चढून आला.

"भाऊ, तुमच्या मशीननं तर चांगलंच केलं बॉ. चारपाचशे रुपये जास्ती येऊन राह्यले."

"सरकारची कृपा," मी म्हणालो.

"सरकार कायले देतं? पूजा पावली." त्यानं एक पेढा मशीनपुढे ठेवला आणि एक मला दिला. "असोद्याले घर बांधून ऱ्हायलो. भिंती उभ्या हायेत, स्लॅब राह्यला. आता पतपेढीचं कर्ज काढतो, हप्ता निघून जाईन या पैशात. आखाजीच्या आत स्लॅब टाकून घेतो." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा मोठा सण.

मला शंका आली नाही असं नाही. आली. पण पेढा तोंडात असताना शंका विचारता येत नाही.

त्यानंतर माझी कीर्ती पसरली. अमक्याकडे पगार केले की कर वाचतो, अशी बोलवा थेट धुळ्यापर्यंत गेली आणि तिथली एक तेलाची मिल माझ्याकडे आली. डिसेंबरात मी त्यांचे एप्रिलपासूनचे सगळे आकडे नव्यानं भरले आणि काम सुरू केलं. दर महिन्याला चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मी एसटीनं धुळ्याला जायचो. माझा धंदा खानदेशभर पसरणार, अशी स्वप्नं मी त्या एसटीत बघितली आहेत.

मार्चच्या सुरुवातीला असाच गेलो. फेब्रुवारीचा पगार वाटून झाला, आणि मिलचा मिस्त्री हिरामणभाऊ मला फाटकाशी गाठून उभा राहिला. धुळ्यातच देवपूरला राहायचा. मूळचा कुठला कोण जाणे, पण बोली पक्की धुळ्याची, 'माझा'ला 'मना' आणि जळगावला 'जयगाव' म्हणणारी.

"भाऊ, एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा ना."

"मना साडू जयगावले शे, चटईना कारखानामा फोरमन. पंडित. त्याना पगार मना इतलाच शे. त्याना कर एक पैसा कापात नई, मना दर महिनाले कापतस. दोन्हीस्ना पगार तुमनाच कॉम्प्युटर काढस. मी त्यानं काय घोडं मारेल शे?"

आजूबाजूची माणसं हसली. मीही हसलो. "बघतो, बघतो," म्हणत एसटी स्टँडवर आलो आणि बस पकडली.

बसमध्ये बसल्यावर मनातल्या मनात हिरामणभाऊचा हिशेब केला. बरोबर होता. मग पंडितभाऊचा केला. पगार तोच, वर्ष तेच, तरी एकाला कर आणि एकाला शून्य. खिडकीतून मार्चची गरम हवा तोंडावर येत होती. पुन्हा केला. आणि मग डोळ्यांसमोर तो झेंडूचा हार आला, अक्षता आल्या, आणि 'खात्री आहे का?' आलं.

पारोळ्याला बस थांबली तेव्हा मी चहा प्यायला उतरलो. चहा हातात धरला, पण प्यायलो नाही. कंडक्टरनं घंटी मारली, "चला जळगाव" म्हणून हाक मारली, माझ्याकडे बघितलंही. मी दुसरीकडे बघितलं. बस गेली. जळगावला जायचंच नाही, असा एक विचार होता. पारोळ्याला काय वाईट आहे? बाजार मोठा आहे, कापसाच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी मिळेल. दोन बसेस मी अशाच जाऊ दिल्या. तिसरीत बसलो, कारण पारोळ्यात मला घर नव्हतं.

पुढचे काही दिवस कसे काढले ते मलाच माहीत. इन्कम टॅक्सच्या ऑफिसवरून जाणारा माझा रोजचा रस्ता मी सोडला. जिन्यावर पावलं वाजली की प्रिंटर बंद करायचो, जणू तोच साक्ष देणार होता. सगळ्या चिठ्ठ्या गुपचूप नव्यानं छापाव्यात, असंही मनात आलं. पण कागद बदलता येतात. लोकांनी खर्च करून टाकलेले पैसे परत कसे छापायचे?

ही म्हणाली, "जेवत का नाही?"

"उकडतंय," मी म्हणालो.

शेवटी एका करसल्लागाराकडे गेलो. 'माझ्या एका मित्राकडून' अशी चूक झाली, म्हणून सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या मित्राच्या मालकाला तुरुंगसुद्धा होऊ शकतो," ते म्हणाले. "पण मार्च अजून संपलेला नाही ना? मग मार्चच्या पगारातून सगळी तूट कापून घ्या. वर्षाच्या आत भरपाई केली, तर निभावेल. आणि मित्राला म्हणावं, दुसरा धंदा बघ."

नानाशेठच्या केबिनमध्ये मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांची सुपारी चघळायची थांबली. माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस पांढरा पडला. मी इतके दिवस माझ्याच भीतीत गुंतलो होतो. ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बघितली.

"तुरुंगात कोण जाणार?" त्यांनी विचारलं. "मशीन का मी?"

"तुम्ही, नाना."

पूजा त्यांनीच करायला लावली होती, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

"मार्चमध्ये काप," ते म्हणाले. "आणि पगाराच्या टेबलावर माझ्या शेजारी तू बसायचं. ज्याचे कापलेत त्याला तुझ्या तोंडानं सांगायचं."

कारखान्यात मार्चचा पगार मार्चअखेरीलाच व्हायचा, हिशेब त्याच वर्षात बसावा म्हणून. कर बसणारी माणसं दहाबाराच: फोरमन, फिटर, विक्रीवाले. पण त्यांचा चार महिन्यांचा राहिलेला आणि मार्चचा, असा सगळा कर एका पगारातून जाणार होता. पंडितभाऊचं पत्रक मी तीनदा काढलं. फंड गेला, पतपेढीचा हप्ता गेला, कर गेला. खाली जो आकडा उरला, त्यात सिमेंटची गाडी सोडा, महिन्याचा किराणा आला नसता.

आणि तिकडे असोद्याला सेंट्रिंग लागलेलं होतं. भाड्याच्या फळ्या, भाड्याचे टेकू, रोजाचं भाडं चालू. पाच दिवसांनी स्लॅब. हे त्यानंच मला बाजारात सांगितलं होतं, मोठ्या आनंदानं.

पगाराच्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसलो. पाकिटं दिवाणजी देत होते, मान मी खाली घालत होतो. एका फिटरनं नुसतं "वा रे कॉम्प्युटर" म्हटलं आणि पुढे गेला. एका विक्रीवाल्यानं माझ्या घराण्याची चौकशी केली. मग टेबलावर सावली पडली.

पंडितभाऊनं पाकीट उघडून नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मी सांगायला सुरुवात केली: दिवाळी, बेरीज, एप्रिल. तो ऐकत होता. माझंच मला ऐकू येईनासं झालं.

"म्हणजे ते पैसे आपले नव्हतेच," तो म्हणाला.

"नव्हते."

"मंग तुमी पेढा कायले खाल्ला?"

मी समोरच्या पगारपत्रकाची घडी घालायला लागलो.

"स्लॅबचं काय करू मंग?"

त्यानं पाकीट टेबलावर माझ्यापुढे ठेवलं. "हे बी ठेवून घ्या. इतल्यात काय होतं?" आणि तो मागे न बघता मशीनच्या शेडकडे निघून गेला.

नानाशेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा. पाकीट देऊन ये."

शेडपर्यंत मी कसा गेलो ते आठवत नाही. आत तो एकटा होता. एका मशीनचं झाकण काढलेलं, आणि त्याच्या हातात हातभर लांबीची लोखंडी सळई. मशीन सोडवायला घेतली असेल. पण तेव्हा मला ती माझ्यासाठीच आणली आहे असं वाटलं. तो वळला. मी दोन पावलं मागे सरलो, पाठ भिंतीला लागली. आणि माझ्या तोंडून, माझ्या परवानगीशिवाय, शब्द बाहेर पडले:

"नाना उचल देणार आहेत. कापले तेवढे. बिनव्याजी. आजच."

नाना असं काहीही म्हणाले नव्हते.

त्यानं सळई खाली ठेवली. "खरं सांगता?"

"सगळ्यांनाच देणार आहेत," मी म्हणालो. माझं असंच आहे. खोटं बोलायला लागलो की हात आखडता घेता येत नाही.

तो माझ्या पुढे निघून टेबलाशी पोचला. मी पोचेपर्यंत सगळ्या रांगेत बातमी झाली होती. फिटर परतला होता, माझ्या घराण्याची चौकशी करणारा परतला होता. सगळे नानाशेठकडे बघत होते, आणि नानाशेठ माझ्याकडे. आपण आता दोन्ही बाजूंनी मार खाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

नानांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"हो," ते म्हणाले. "देणार आहे. दिवाणजी, तिजोरी उघडा." मग माझ्या कानाशी वाकून हळू आवाजात म्हणाले, "तू कबूल केलंस ना? यांची उचल फिटेपर्यंत तुझं बिल अडकलं. आणि सरकारला उशिराचं व्याज जे जाईल, ते तुझ्या नावावर."

उचल फिटायला पुढची दिवाळी उजाडली. तोवर मी नानाशेठचे पगार उधारीवर केले, घरी 'धंदा मंदा आहे' असं सांगितलं, आणि इन्कम टॅक्सची जीप दिसली की रसवंतीत शिरायचो. नोटीस आली नाही. पण येणार नाही असं कुणी लेखी दिलेलं नाही. म्हणून मी अजूनही टपालवाल्याच्या हाताकडे आधी बघतो, तोंडाकडे नंतर. दिवाळीला नाना पूजेचं ताट घेऊन आले तेव्हा मी त्यांच्यापुढे कीबोर्ड ठेवला, आणि त्याची वायर माझ्या खिशात होती. त्यांनी ते बघितलं. नवीन खातं उघडायला सांगितलं नाही.

स्लॅब मात्र तेव्हाच, ठरल्या दिवशी टाकला गेला. आदल्या दिवशी पंडितभाऊचा निरोप आला: "भाऊंना म्हणा, या. नुसतं पाहायले नाही." सकाळी असोद्याला गेलो. गल्लीतली सगळी माणसं घमेली हातोहात चढवत होती, हिरामणभाऊ धुळ्याहून येऊन वर उभा होता. मला बघून म्हणाला, "कॉम्प्युटरवालाभाऊ, मना कर कापस तो बराबर शे ना आते?" सगळे हसले, आणि मला रांगेत घेतलं. मी आयुष्यात घमेलं उचललेलं नव्हतं. वरच्या पूर्वेच्या कोपऱ्यात मी माल ओतला, तो थोडा इकडे, थोडा तिकडे. गवंडी ओरडला. पंडितभाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, त्याहीच्या हातचं असू द्या थोडं."

तो कोपरा गळतो. पहिल्या पावसापासून गळतो. मागच्या वर्षी त्याच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो, तेव्हाही छताला ओलीचा पिवळा डाग होता. मी म्हणालो, पंडितभाऊ, इतकी वर्षं झाली, दोन पाट्या सिमेंट लावून घ्या, मी पैसे देतो.

"नको," तो म्हणाला. "कायी जास्तीचे पैसे हातात आले ना भाऊ, का मी आधी त्या कोपऱ्याकडे पाहतो. मंग खर्च करतो."

माझं पान त्यानं नेमकं त्या कोपऱ्याखाली मांडलं होतं. मी मान खाली घालून जेवलो.